रद्द पुस्तकांच्या कपाटातल्या साड्या

शमीम, तुला पैठणी नेसवलीय.

तुला आता कुणी विचारणार नाही आणि तूही कुणाला जाब विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेच्या तोंडाला आणि आपल्या कॉलेजच्या फाटकावर, अशा तीन ठिकाणी तू जांभळ्या पैठणीत उभी आहेस. गळ्यात तन्मणी, मनगटात हिरवा चुडा, हातांवर मेंदी, आणि ते हात जोडलेले. चेहरा तेवढा तुझा आहे. ओळखपत्रावरचा फोटो कापून चिकटवलाय, त्यामुळे एवढा साज चढवूनही तू मस्टरवर सही न करता चहाला गेलेल्या माणसाकडे बघावं तशी सगळ्या वडूजकडे बघतेस. खाली तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'शोकाकुल' मंडळींची नावं आहेत, आणि सगळ्यात वर आपले अध्यक्ष आबासाहेब, तुझ्यापेक्षा दुप्पट आकारात, शोकाकुल.

मी फ्लेक्सवाल्याकडे गेले. "संतोष, हे धड कुणाचं?"

"मॅडम, ते रेडीमेड येतंय. बाप्याला कोट, बाईला पैठणी. एकेकाचं धड हुडकत बसायला टाइम कुठाय?"

"अरे, त्यांच्या उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता. एवढा मोठा."

"मग बरंच झालं की," तो म्हणाला. "गेला."

तुझ्या नणंदेनं मला सांगितलं, तुला पाच पांढऱ्या कापडांत गुंडाळून नेलं. काठ नाही, पदर नाही. मला विचारू नये ते सुचलं. म्हटलं, "सुती होतं ना?" ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "भाभी असती तर पैलं हेच विचारली असती." म्हणजे मातीत तू तुझ्या मनासारखी गेलीस. पैठणी तुला स्टँडवर नेसावी लागली.

ज्या बाईनं बावीस वर्षं कामावर कसं यावं याचा शाळामास्तरासारखा विचार केला, तिला शेवटी हे मिळालं, म्हणून मला शिसारी आली. तुझ्या साड्या पाच. सोमवारची करडी, मंगळवारची निळी, असं शुक्रवारपर्यंत. शनिवारी अर्धा दिवस, त्याला पंजाबी ड्रेस. पाचही सुती, पाचांनाही फॉल, आणि दर सहा महिन्यांनी तो फॉल उसवून पुन्हा लावलेला. धुतली की उलटी करून सावलीत वाळवायची. महिन्यातून एकदा घडी मोडून दुसरीकडे घालायची, नाहीतर जुन्या घडीवर साडी चिरते. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी दोन बोटं माया ठेवायची, कारण बाईचं अंग बदलतं आणि नोकरी तीच राहते. दुकानात साडीचं टोक मुठीत आवळून सोडायचीस आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणायचीस, "ही दहिवडीच्या एसटीत टिकायची नाही." तो सुरतेचं नाव सांगायचा. तू म्हणायचीस, "सुरत एसटीनं येत नाही."

मी याला थट्टेनं 'शमीमशास्त्र' म्हणायचे. मी ग्रंथपाल, पुस्तकं वाचलेली बाई. कपड्यांचा विचार करणाऱ्या माणसांविषयी मला एक छुपा तुच्छभाव होता, आणि तो मी चुरगळलेल्या साडीतून व्यक्त करत असे. तू लायब्ररीच्या दारात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत वाचायचीस. "लता, परकर दिसतोय."

"कुणाला?"

"मला दिसला, म्हणजे विद्यार्थ्यांना कालच दिसला."

संस्थापक दिनाला आपल्याला सगळ्यांना एकसारखी साडी मिळायची. आबासाहेबांच्या सूनबाई रंग निवडायच्या. एका वर्षी तो मोरपंखी आणि राणी यांच्या मधला, निसर्गात न आढळणारा काही होता. चाळीस बायका त्या साडीत रांगेत उभ्या राहिल्या की आपण एकाच खोलीच्या भिंती वाटायचो. तू ती एक दिवस नेसलीस आणि दुसऱ्या दिवशी तुझी नि माझी दोन्ही उचलून युनूसभाईंकडे दिलीस. तुझा नवरा शिंपी, त्याला कारण विचारायची सवय नाही. लायब्ररीच्या खिडक्यांना अजून तेच पडदे आहेत. आबासाहेबांनी तपासणीच्या वेळी त्यांचं कौतुक केलं होतं. आपण दोघी किती गंभीर चेहऱ्यानं उभ्या होतो!

कपाटाची गोष्ट मात्र हसण्यातली नव्हती. ती मी आज लिहिणार आहे, कारण तिच्यात मी तुझा अपराध केलाय, आणि तो कबूल करायला तुझ्याखेरीज कुणी नाही.

एका वर्षी प्राध्यापकांच्या मुलाखती होत्या, तू हेडक्लार्क म्हणून इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसली होतीस. माण तालुक्यातली एक मुलगी आली. बाप मुंबईत हमाली करणारा, ही एम.एस्सी. अंगात टिकल्या लावलेला लाल ड्रेस, चुलतबहिणीच्या लग्नात शिवलेला. घरात होता तो सगळ्यात चांगला कपडा तिनं घातला होता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. ती बाहेर गेली आणि आबासाहेब म्हणाले, "हुशार हाय, पण पर्सनॅलिटी न्हाई." शेजारचे म्हणाले, "जत्रंला आल्यागत आलीया." सगळे हसले. दिवसातून तीन वेळा पांढरा सदरा बदलणारे गृहस्थ हे, आबासाहेब. त्यांची पर्सनॅलिटी धोब्याकडे असते.

तू संध्याकाळी लायब्ररीत येऊन बसलीस. "अपात्र, असं माझ्या हातानं लिहिलं मी," एवढंच म्हणालीस.

आठवड्यानं तू मला माझ्या भांडारखोलीतलं एक कपाट मागितलंस. त्यावर मी 'रद्द पुस्तके' अशी पट्टी लावलेली होती. तुला ती फार आवडली. म्हणालीस, "राहू दे. ह्या कॉलेजात चांगलीच पुस्तकं कुणी उघडत नाही, रद्द कोण उघडतंय?" आणि खरंच, इतक्या वर्षांत कुणी उघडलं नाही. आत सात सुती साड्या, चार कुर्ते, मापं कमीजास्त होणारे ब्लाउज, नाडीचे परकर, तीन मापांच्या काळ्या चपला, आणि पिनांचा डबा. मुलाखत असेल, रुजू व्हायचं असेल, पहिला पगार हातात यायचा असेल, त्या पोरींना तू तिथं आणायचीस. कशा कळायच्या तुला त्या, देव जाणे. "हात वर कर. फळ्यावर लिही. आता खाली वाक. आता जिना चढ बघू." पोरगी खोलीत आली तेव्हा अंग चोरून असायची आणि जाताना नुसती चालत जायची.

मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, "कपड्यावरून माणूस जोखणाऱ्यांना तू त्यांच्या पसंतीचं माणूस तयार करून देतेस. बदलायचं तर त्यांना बदल."

"ते बदलतील तवा बदलतील," तू म्हणालीस. "मुलाखत सोमवारी हाय."

मी पिनांचा डबा तुझ्यापुढं सरकवला. पण तुझं बरोबर होतं असंही मला अजून वाटत नाही. हे भांडण तू अर्धं सोडून गेलीस.

दुसरं भांडण नोंदीचं. एक करडी नारायणपेठ परत आली नाही, तेव्हा मी म्हटलं, वही घालू. नाव, गाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. ग्रंथपालाला दुसरं काय सुचणार? तू इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"नाव लिहिलं की उपकार झाला, लता. मग ती पोरगी मला रस्त्यात बघून रस्ता बदलणार."

"आणि साडी?"

"आली नाही म्हणजे तिला अजून लागतीय."

मी बरं म्हणून मान हलवली. आणि शमीम, मी नोंद ठेवली. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर, माझ्या बारीक अक्षरात. बारा नावं. तू साडी द्यायचीस, पोरगी जिना उतरायची, आणि मी मागे वळून वही उघडायचे. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. मला ते नीटनेटकं वाटत होतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शोकसभेची बैठक झाली. भाषणात काय बोलायचं हा प्रश्न होता. आबासाहेब म्हणाले, "बाई कामाला चोख होत्या, पण सामाजिक कार्य असं काय सांगायचं त्यांचं?" कुणीतरी म्हणालं, "हेडक्लार्कला कसलं आलंय सामाजिक कार्य!" आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर मी मोठेपणाच्या प्रदर्शनाला नाकं मुरडली, आणि त्या क्षणी मला तुझं प्रदर्शन हवं झालं. मी कपाटाचं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा धावत जाऊन वही आणली आणि त्यांच्यापुढं आपटली.

सगळे वहीवर वाकले. मला दोन मिनिटं फार छान वाटलं. तेवढ्यात ऑफिसातल्या पवार भाऊसाहेबांनी मोबाइल काढून त्या पानांचा फोटो घेतला.

चार वाजेपर्यंत सगळं ठरलं. कपाटाला तुझं नाव, त्यावर आबासाहेबांचं नाव, फीत, आणि बारा 'लाभार्थी महिलां'ना स्टेजवर बोलावून प्रत्येकीला एकेक साडी वाटप. मी आबासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हे शमीमला चाललं नसतं, ती हे झाकून करत होती.

"अवो बाई," ते प्रेमानं म्हणाले, "दान झाकून ठेवल्यावर समाजानं प्रेरणा कशातनं घ्यायची?"

मी त्या बाराजणींना फोन लावले. पवारांचे फोन माझ्या आधी पोचले होते. त्यांतली रूपाली आता दहिवडीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला तू निळी साडी दिली होतीस, आणि पांढऱ्या चपला स्वतःच्या पायातल्या.

"मॅडम, माज्या सासरी म्हायती न्हाई," ती म्हणाली. "मुलाखतीची साडी म्हायेरची, असं सांगितलंय मी. आमच्या आत्याबाई आता जलमभर बोलत्यात, उसन्या लुगड्यावर नोकरी घावली म्हनून." मग तिनं विचारलं, "तुमी लिव्हून ठिवलं व्हतं व्हय?"

मी हो म्हटलं.

"शमीम मॅडम तर म्हनल्या व्हत्या, कुटं लिव्हत न्हाई म्हनून."

"त्यांना माहीत नव्हतं, रूपाली."

मी तिला आणि सगळ्यांना सांगितलं, येऊ नका. मग कपाट रिकामं करून सगळे कपडे गाठोड्यात बांधले आणि युनूसभाईंच्या दुकानात नेऊन टाकले. त्यांनी मशिनीवरून मान न काढता विचारलं, "आल्टरला का?" मी हो म्हटलं. त्यांनी गाठोडं पायाशी ओढलं आणि त्यावर एक हात ठेवून तसेच बसून राहिले. कपाटात मी रद्द पुस्तकं भरली. एकदाची ती पट्टी खरी झाली.

शोकसभा परवा झाली. स्टेजवर तुझी पैठणी, तिच्यापुढं समई. तुझ्या घरच्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. युनूसभाई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते आणि फ्लेक्सकडे बघत नव्हते. आबासाहेब पस्तीस मिनिटं बोलले. त्यात तू चारदा आलीस, त्यांपैकी दोनदा 'शबाना'.

आणि शमीम, मी मागे वळून पाहिलं तर त्या आल्या होत्या. शेवटच्या दोन रांगांत, बाराही. मी येऊ नका म्हटलं होतं ते स्टेजसाठी. त्या तुझ्यासाठी आल्या होत्या. एक तलाठी, दोन शिक्षिका, रूपाली, बाकीच्या कुठं कुठं चिकटलेल्या. सुती साड्या, घट्ट पिना, गुडघ्यावर पर्स. बघून कुणालाही वाटलं असतं की कुठल्यातरी ऑफिसचं तपासणी पथक आलंय.

स्टेजवर आणून ठेवलेल्या कपाटाची फीत कापली. कपाटातून जुनी भूगोलाची पुस्तकं निघाली. आबासाहेबांनी ती क्षणभर बघितली आणि, अशा माणसांना काही अडत नाही, दार लावून म्हणाले, "आता लाभार्थी."

पवारांनी माइकवर पहिलं नाव वाचलं. कुणी उठलं नाही. दुसरं वाचलं. तिसरं. दर नावानंतर पंख्याचा आवाज ऐकू यायचा. सातव्या नावाला आबासाहेबांनी माइकपासून तोंड न वळवता विचारलं, "फोन केलता का न्हाई?"

"समद्यास्नी केलता, साहेब."

"मग? एवढीबी जाण न्हाई?"

पवारांनी चष्मा वर केला आणि हॉलभर नजर फिरवली. रूपाली गेल्याच महिन्यात त्यांच्या आईला सलाईन लावत होती. त्यांची नजर शेवटच्या रांगेवर थांबली. "साहेब, ती बगा, ती तर तितं..."

मी उठले. "आबासाहेब, ती यादी खोटी आहे."

सगळा हॉल वळला. मी म्हटलं, "भांडारखोली काढून घेतील म्हणून मी वापर दाखवला. नावं जुन्या विद्यार्थिनींच्या यादीतून उचलून लिहिली. कपाटात साड्या कधीच नव्हत्या. तुम्ही आत्ता पाहिलंत."

बारा बायका सुटल्या. आणि तुझी बावीस वर्षं मी माझ्या तोंडानं पुसली. दाखल नोंदवहीत खोट्या नोंदी केल्या म्हणून काल मला कारणे दाखवा नोटीसही आली आहे. तिचा मसुदा इतका गचाळ आहे की तू तीनदा परत पाठवला असतास.

आबासाहेब लाल झाले होते. "म्हंजे शमीम मॅडमनी काईच केलेलं न्हाई?"

याला हो म्हणणं मला जमेना. तसं म्हटलं असतं तर सगळं नीट मिटलं असतं. पण युनूसभाईंनी मान वर केली होती.

"एक साडी दिली होती," मी म्हटलं. "मला."

हे मी तुझ्याजवळही कधी बोलले नाही, शमीम. मी कुंडलहून माझ्या मुलाखतीला आले तेव्हा भावाच्या लग्नातली जरीची साडी नेसले होते. फौजी भावानं घेतलेली, भारी. माझ्याकडे तेवढीच नवी होती. तू तेव्हा साधी टायपिस्ट. तू माझ्याकडे बघितलंस, हाताला धरून बाथरूममध्ये नेलंस, आणि तुझी करडी सुती साडी सोडून माझ्या हातात दिलीस. माझी तू नेसलीस. मी आत जाऊन प्रश्नांची उत्तरं दिली. तू दिवसभर त्या जरीत टाइप करत बसलीस. येणारा-जाणारा विचारत होता, "काय बाई, आज लगीन का काय?" आणि तू म्हणत होतीस, "हो, चार वाजता. या."

कपाट तू नंतर केलंस. सुरुवात माझ्यापासून होती. बारा नावं मी किती काळजीनं लिहिली, आणि पहिलं लिहायचं मला एकदाही सुचलं नाही.

हे मी माइकवर सांगितलं. माझा आवाज फार वाईट येत होता. मागून शिपाईमामा कुणाला तरी म्हणाले, "आयला, बाईंनी जरीची साडी? खरं वाटत न्हाई." दोघंतिघं हसले. इतकी वर्षं मी ज्या हॉलमध्ये भाषणांना नावं ठेवत बसले, त्यात आता मी लाभार्थी होते, जिनं उसन्या साडीवर नोकरी मिळवली ती. यापुढं स्टाफरूममध्ये हेच चालणार. चालू दे.

आबासाहेबांनी मात्र क्षणात सावरलं. त्यांना फोटोशी मतलब होता. "बघा," ते म्हणाले, "ह्याला म्हनत्यात कृतज्ञता! या बाई, वर या." टेबलावरच्या बारा साड्यांतली वरची उचलली. चकचकीत, कडक, सोनेरी ठिपक्यांची, हात लावला तर कागदासारखी वाजणारी.

"दोन्ही हातांनी घ्या, बाई. हां. आन् इकडं बगा."

मी दोन्ही हातांनी घेतली. इकडं बघितलं. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, जोरात, बराच वेळ.

मागच्या दोन रांगांत कुणी टाळी वाजवली नाही. बाराजणी उठल्या, पदर सारखे केले, पुढच्या दारानं बाहेर पडताना युनूसभाईंजवळ एकेक क्षण थांबल्या, आणि आपापल्या एसट्या पकडायला निघून गेल्या. एकीनंही माझ्याकडे वळून पाहिलं नाही.